दारापासून फाटकापर्यंत: दाट वस्तीत हिरवी जागा सर्वांच्या वाट्याला कशी आणावी

कोल्हापुरात बागा कमी आहेत का, असे विचारले की बहुतेक जण रंकाळ्याचा काठ, टाऊन हॉलची बाग, नागाळा पार्कातील महावीर उद्यान, हुतात्मा पार्क आणि शिवाजी विद्यापीठाचा परिसर अशी नावे मोजून दाखवतात आणि विषय तेथेच संपतो. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 5,49,236 होती आणि महापालिकेचे क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सरासरी सव्वाआठ हजार माणसे. मात्र या सरासरीत विद्यापीठाचा माळ, तलावांचे पाणी आणि कसबा बावड्याकडची उसाची शेतेही मिसळलेली आहेत. शिवाजी पेठेतील बोळात किंवा सदर बाजारातील एका खोलीच्या घरात राहणाऱ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. दारापासून झाडाखालच्या बाकापर्यंत किती चालावे लागते, तेथे पोहोचल्यावर फाटक उघडे असते का आणि आत निवांत बसून राहता येते का, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

तालीम मंडळे, महिला बचत गट, कॉलन्यांच्या रहिवासी संघटना आणि आपल्या गल्लीपुरते काम करू इच्छिणारे नागरिक यांना हाताशी धरता येईल अशी पद्धत येथे दिली आहे. तिच्यातील क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोजणी, मग कागद, मग आहे त्या जागेचे कुलूप काढणे आणि नवी बाग सर्वांत शेवटी. आपल्याकडे सहसा याच्या उलट घडते. आधी कारंज्याचे भूमिपूजन होते आणि ती जागा कोणाच्या उपयोगाची आहे हे त्यानंतर शोधले जाते.

मोजणी फाटकापासून करावी

पहिले काम नकाशाचे. आपल्या भागाचा नगर भूमापन नकाशा किंवा इंटरनेटवरील उपग्रह नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्यावा आणि त्यावर प्रत्येक बाग, मैदान, तळ्याचा काठ, शाळेचे पटांगण आणि कॉलनीतील खुली जागा दाखवावी. येथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे बागेच्या हद्दीपासून अंतर मोजणे. बागेची भिंत आपल्या घरामागे असेल आणि फाटक पलीकडच्या रस्त्यावर असेल, तर ती बाग आपल्यापासून दहा पावलांवर नसून वळसा घालून जेवढे चालावे लागते तेवढ्या अंतरावर असते. म्हणून नकाशावर हद्दीपेक्षा फाटके ठळक दाखवावीत आणि जे फाटक कायम बंद असते त्यावर फुली मारावी.

किती अंतर योग्य, याचे दोन मापदंड उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2017 मध्ये दिलेल्या सूचनेनुसार प्रत्येक घरापासून 300 मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. केंद्र शासनाच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सुमारे 5,000 लोकवस्तीमागे 5,000 चौरस मीटरचे एक उद्यान धरले आहे. 5,000 चौरस मीटर म्हणजेच अर्धा हेक्टर, आपल्या भाषेत जवळजवळ पन्नास गुंठे. जुन्या पेठांत एवढा सलग तुकडा मोकळा मिळणे अवघड आहे, हे आधीच मान्य करावे. तेथे आकाराचा आग्रह सोडून अंतराचा आग्रह धरावा. पाच-सहा गुंठ्यांचीही जागा जवळ असेल आणि रोज उघडी असेल, तर ती दोन किलोमीटरवरच्या देखण्या उद्यानापेक्षा म्हाताऱ्या माणसाच्या जास्त कामाची असते.

अंतर प्रत्यक्ष चालून मोजावे आणि चालणारा माणूस विचारपूर्वक निवडावा. धडधाकट तरुण पाच मिनिटांत साधारण साडेतीनशे मीटर सहज जातो. गुडघे दुखणारी आजी किंवा कडेवर मूल असलेली आई तेवढ्याच वेळात अडीचशे मीटरही जाईलच असे नाही. तेव्हा वस्तीतील सर्वांत लांबच्या घरापासून निघावे, बरोबर एक वयस्क बाई आणि एक लहान मूल घ्यावे आणि वाटेत कोठे थांबावे लागले हे नकाशावर नोंदवावे. कोठे रस्ता ओलांडायला धाडस करावे लागते, कोठे पदपथावर गाड्या लावलेल्या असतात, कोठे नाल्यावरचा पूल अरुंद आहे आणि कोठे रात्री दिवा नसतो, या नोंदी पुढे महापालिकेकडे मागणी करताना कामी येतात. बागेपर्यंतची वाटच वाईट असेल, तर बागेवर केलेला खर्च अर्धा वाया जातो.

नागरी वनशास्त्राचे अभ्यासक सेसिल कोनिनेनडाइक यांनी 2021 मध्ये मांडलेला 3-30-300 चा नियमही याच नकाशावर तपासता येतो: घरातून किमान 3 झाडे दिसावीत, परिसरावर 30 टक्के झाडांचे छत्र असावे आणि बाग 300 मीटरच्या आत असावी. पेठांतील बऱ्याच घरांच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत तेवढी दिसते. त्यामुळे या तीन आकड्यांपैकी पहिलाच आकडा मंगळवार पेठेत आणि बंगल्यांच्या ताराबाई पार्कात किती वेगळा येतो, हे कोणत्याही शाळेतील मुलांना एका रविवारी मोजून आणता येईल.

मग घड्याळ घेऊन बसावे

अंतरानंतरची मोजणी जरा चिकाटीची आहे आणि सर्वांत जास्त उलगडा तिच्यातूनच होतो. बागेत किंवा मैदानावर कोण येते, केव्हा येते आणि किती वेळ थांबते, हे डोळ्यांनी पाहून लिहून काढायचे. त्यासाठी एक साधा तक्ता पुरतो: उभ्या रकान्यांत लहान मुली, लहान मुले, तरुणी, तरुण, स्त्रिया, पुरुष, वृद्ध स्त्रिया, वृद्ध पुरुष आणि आडव्या ओळींत वेळा. सकाळी सहा ते आठ, दुपारी बारा ते दोन, चार ते सहा आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ अशा चार वेळा, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, एवढे पाहिले तरी चित्र स्पष्ट होते. प्रत्येक वेळी दर वीस मिनिटांनी एक फेरी मारून मोजणी करावी. बसलेल्यांची आणि नुसत्या ये-जा करणाऱ्यांची संख्या वेगळी लिहावी, कारण जागा आपली वाटल्याशिवाय माणूस तिथे बसत नाही. नाव, जात, पत्ता यांतले काहीही लिहू नये आणि फोटोही काढू नयेत. स्त्रिया आणि मुलींची मोजणी शक्यतो स्त्रियांनीच करावी.

या मोजणीत वेळापत्रकाचा अन्याय उघड होतो. अनेक बागा दुपारी बंद असतात. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी उरकून दुपारी दोन ते चार या वेळात जिला जरा मोकळीक मिळते, त्या बाईसाठी अशी बाग नसल्यातच जमा आहे. पहाटे फिरायला येणाऱ्या नोकरदार आणि निवृत्त पुरुषांच्या सोयीने वेळा ठरतात, कारण तक्रार करायला तेच महापालिकेत जातात. यात कोणाचा दुष्टावा नसतो, पण जो बोलतो त्याच्या सोयीने शहर चालते आणि जो बोलत नाही त्याची गैरसोय कोणाच्या लक्षात येत नाही.

मुलींच्या बाबतीत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील अनुभव शिकण्यासारखा आहे. तेथे 1996-97 मध्ये झालेल्या पाहणीत असे दिसले की, नऊ वर्षांनंतर मुलींचे बागेत येणे एकदम कमी होते, तर मुलांचे तसे होत नाही. मोकळे मैदान एकच असेल तर चेंडू खेळणारी मुले ते व्यापतात आणि मुली भांडत बसण्यापेक्षा यायचेच सोडून देतात. म्हणून 1999 नंतर तेथील आइन्सीडलर पार्क आणि सेंट योहान पार्क या दोन बागांत एकसंध मैदानाचे लहान भाग केले, आतून पायवाटा काढल्या आणि व्हॉलीबॉल व बॅडमिंटनसाठी स्वतंत्र जागा दिल्या. त्यानंतर तेथे मुलींचा वावर वाढला. कोल्हापुरात पेठापेठांतील फुटबॉलचे वेड आपण जाणतोच. ते वेड शहराचा अभिमान आहे आणि त्यावर पाणी टाकण्याचे काही कारण नाही. पण ज्या पेठेत एकच मैदान आहे तेथे आठवड्यातील ठरलेल्या संध्याकाळी ते मुलींच्या संघासाठी किंवा लहान मुलांसाठी राखून ठेवण्याचा ठराव तालमीनेच केला, तर तो महापालिकेच्या फलकापेक्षा जास्त पाळला जाईल.

जागा कोणाची, हे कागदावरून ठरवावे

यापुढचा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो टाळणाऱ्यांची मोहीम सहसा येथेच अडकते. डोळ्यांना मोकळी दिसणारी प्रत्येक जागा सार्वजनिक नसते आणि भिंतीआड गेलेली प्रत्येक जागा खासगी नसते. दाट वस्तीत हिरव्या जागेसाठी प्रामुख्याने चार प्रकारच्या जमिनी विचारात घ्याव्या लागतात: विकास आराखड्यात बाग किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षित जमीन, मंजूर रेखांकनातील (जमिनीचे भूखंड पाडण्याच्या नकाशातील) खुली जागा, महापालिकेच्या किंवा शासनाच्या मालकीची जागा, ज्यात शाळांची पटांगणेही आली, आणि नदी, नाला व तलाव यांच्या कडेची जमीन.

कोणत्याही जागेसाठी प्रथम तिचा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) किंवा रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) मिळवावा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढल्यावर मालकी कळते. महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला घेतल्यावर त्या जमिनीवर आरक्षण आहे की नाही हे कळते. हे कागद सरळ मिळाले नाहीत, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार अर्ज करावा. महाराष्ट्रात या अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तर 30 दिवसांत मिळणे अपेक्षित असते. माझा अनुभव असा की, प्रतींची लांबलचक यादी मागण्यापेक्षा संबंधित धारिकेची (फाइलची) प्रत्यक्ष तपासणी मागावी. समोर धारिका उघडली की ज्या कागदाचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते, नेमका तोच कागद अनेकदा हाती लागतो.

आरक्षित जमिनीबाबत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 ची दोन कलमे नागरिकांना तोंडपाठ असावीत. कलम 127 नुसार अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना, म्हणजे जमीन विकत घ्या अशी लेखी नोटीस, प्रशासनाला देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे बाग कागदावरूनही नाहीशी होते. यात मालकावर रागावण्यात अर्थ नाही. त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकून पडलेली असते आणि मोबदल्याचा त्याचा हक्क खरा आहे. म्हणून आपल्या प्रभागातील बाग व क्रीडांगणाच्या प्रत्येक आरक्षणासाठी खरेदीची सूचना आली आहे का आणि कोणत्या तारखेला, हे माहितीच्या अधिकारात विचारून एक तक्ता करावा. ज्या सूचनेची मुदत संपत आली आहे, ती जमीन सर्वांत आधी हाती घ्यावी आणि रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) देऊन संपादन करण्याचा पर्याय कायद्यात आहे, याची आठवण प्रशासनाला लेखी द्यावी.

दुसरे कलम 37. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करून आरक्षण उठवायचे किंवा बदलायचे असेल, तर त्याची सूचना प्रसिद्ध करून एका महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येतात. मंडळात एका निवृत्त माणसाकडे रोज त्या वाचण्याचे काम सोपवणे ही मोहिमेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी गुंतवणूक आहे. हरकत लिहिताना आपल्या मोजणीचे आकडे जोडावेत. बेंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या खटल्यात ते वाटप चुकीचे ठरवले आणि आसपासच्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे हेही मान्य केले. हरकतीत या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

रेखांकनातील खुली जागा हा उपनगरांतील मोठा साठा आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात 10 टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी खुले ठेवावे लागते. म्हणजे साधारण एक एकराच्या रेखांकनामागे चार गुंठे. जुन्या रेखांकनांतही अशा जागा आहेत. काहींवर सभागृह उभे राहिले, काहींवर गाड्या लागतात आणि काहींना कुलूप आहे. माझ्या परिचयाच्या एका कॉलनीत अशा जागेची किल्ली वर्षानुवर्षे एकाच घरात होती आणि शेजारच्या वसाहतीतील मुले कुंपणाच्या तुटलेल्या तारेतून आत जात. तार दुरुस्त झाली त्या दिवशी त्या मुलांचे मैदान संपले आणि कॉलनीच्या सभेत कोणाच्याही मनात ती गोष्ट आली नाही. अशा जागेवर पहिला हक्क त्या रेखांकनातील रहिवाशांचा असतो, हे खरे आहे. त्यामुळे येथे कायद्याचा बडगा दाखवण्याआधी जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे की नाही ते पाहावे. झाली असेल तर ती सर्वांसाठी खुली करण्याची मागणी करावी आणि झाली नसेल तर समजुतीने वेळा ठरवून घ्याव्यात.

पेठांतील मैदाने म्हणजे जुनी तळी

जुन्या कोल्हापूरची एक खासियत येथे लक्षात घ्यावी लागते. गांधी मैदान हे पूर्वीचे वरुणतीर्थ, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळे होते आणि मंगळवार पेठेतील सिद्धाळा बागेचे नावही तळ्यावरूनच आले आहे. कपिलतीर्थाची तर मंडई झाली. पेठांमध्ये आज जी मोकळी जागा उरली आहे, तिच्यातील बराच भाग बुजवलेल्या तळ्यांनी दिलेला आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ही जागा आजूबाजूपेक्षा सखल असते आणि पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत तेथे येते. अशा मैदानावर फरशी किंवा काँक्रीट घालणे म्हणजे पाण्याला शेजारच्या घरांत पाठवणे होय. तेथे मुरमाच्या पायवाटा, कडेने उघडे चर आणि एका बाजूला पाणी साठून मुरेल असा उथळ खोलगट भाग ठेवावा. बाक, खेळणी आणि दिव्यांचे खांब मात्र उंच कडेला घ्यावेत.

आधी कोणाला, हे उघडपणे ठरवावे

पैसा आणि मनुष्यबळ कमी असते, त्यामुळे प्राधान्य ठरवावेच लागते. ते ठरवण्याची पद्धत कागदावर नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याची बाग आधी होते. मी चार निकष सुचवतो आणि त्यांतील पहिल्या दोघांना दुप्पट गुण द्यावेत असे माझे मत आहे: घरात अंगण, गच्ची किंवा गॅलरी नसलेल्या कुटुंबांचे प्रमाण, सर्वांत जवळच्या उघड्या फाटकापर्यंतचे अंतर, मुले व वृद्ध यांची संख्या, आणि बागेच्या वाटेवरील धोका. पहिल्या निकषाला दुप्पट वजन देण्याचे कारण असे की, ज्याच्या घरासमोर अंगण आहे त्याला बाग ही सोय आहे, पण राजेंद्रनगर किंवा विचारे माळसारख्या वसाहतीत जेथे सहा माणसे एका खोलीत राहतात, तेथे अभ्यासाला बसायला, आजारातून उठलेल्या माणसाला ऊन घ्यायला आणि बायकांना चार शब्द बोलायलाही दुसरी जागा नसते. प्रत्येक निकषाला शून्य ते पाच गुण देऊन बेरीज करावी आणि ती यादी विभागीय कार्यालयात व वस्तीतही लावावी. गुणांवरून वाद होईल. तो वाद उघडपणे झालेला बरा.

नव्या बागेआधी जुने कुलूप

मोजणी आणि कागद हाती आले की बहुतेक ठिकाणी असे दिसेल की, नवी जमीन मिळवण्याआधी करण्यासारखे बरेच काही आहे. बागेला दुसरे फाटक काढणे हे त्यांतील सर्वांत सोपे काम. वसाहतीच्या बाजूला भिंत आणि मुख्य रस्त्याच्या बाजूला फाटक, अशी रचना असेल तर भिंतीतून दीड मीटरची वाट काढल्याने शंभर घरांचे अंतर निम्म्यावर येऊ शकते. त्याला विरोध होईल, आणि तो बहुधा स्वच्छतेच्या आणि सुरक्षिततेच्या नावाने होईल. अशा वेळी तीन महिन्यांसाठी प्रयोग म्हणून वाट उघडावी, आधीची व नंतरची मोजणी मांडावी आणि मगच कायमचा निर्णय घ्यावा. वेळांबाबत दुपारची बंदी उठवण्याची मागणी लेखी करावी. प्रवेशशुल्क असल्यास निदान रोजच्या वापराच्या भागासाठी ते नसावे. चौघांच्या कुटुंबाला रोज तिकीट काढून बसायला जाणे परवडत नाही.

शाळांची पटांगणे हा दुसरा मोठा मार्ग आहे. शाळा सुटल्यावर आणि सुट्ट्यांत ती रिकामी असतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, मुख्याध्यापकांच्या अडचणी आधी ऐकून घ्याव्यात आणि मग किल्ली कोणाकडे, सफाई कोणाची, वर्गखोल्यांकडची वाट कशी बंद ठेवायची, काही मोडले तर भरपाई कोण देणार आणि मैदान किती वाजता बंद होणार या पाच गोष्टी एका पानावर लिहून सह्या कराव्यात. मुख्याध्यापकांची भीती रास्त असते. सकाळी वर्गासमोर बाटल्या सापडल्या तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. म्हणून सुरुवात उन्हाळ्याच्या सुट्टीपासून, संध्याकाळच्या दोन तासांपुरती आणि लहान मुलांपुरती करावी.

आत काय असावे

येथे खर्चिक वस्तूंची यादी सहसा लांबत जाते, म्हणून गरजेचे काय तेवढेच सांगतो. प्रवेशाची वाट किमान 900 मिलिमीटर मोकळी असावी आणि पायरीऐवजी उतार असावा. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार, म्हणजे 1:12, हे प्रमाण चाकाच्या खुर्चीला चालते. दुचाकी आत येऊ नये म्हणून फाटकात लावलेला फिरता लोखंडी दांडा चाकाच्या खुर्चीलाही अडवतो. त्याऐवजी 900 मिलिमीटर अंतरावर खांब रोवावेत. बाकांना पाठ आणि हात टेकायला दांडे असावेत, कारण हातांवर भार दिल्याशिवाय अनेक वृद्धांना उठता येत नाही. पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे शौचालय नसेल, तर स्त्रिया तासभरापेक्षा जास्त थांबणार नाहीत आणि मोजणीत ते लगेच दिसेल. दिवे उंच मनोऱ्यावर एकाच ठिकाणी लावण्यापेक्षा वाटेच्या कडेने कमी उंचीवर आणि सारख्या अंतरावर लावावेत. मनोऱ्याखाली डोळे दिपवणारा उजेड आणि झाडामागे दाट अंधार, ही रचना सर्वांत असुरक्षित असते. कुंपण आरपार दिसणारे असावे.

झाडांच्या बाबतीत दिसायला लवकर मोठे होणारे झाड निवडण्याचा मोह आवरावा. करंज, कडुनिंब, बकुळ, बहावा, ताम्हण, जांभूळ आणि जागा असेल तेथे वड व पिंपळ ही आपल्या मातीतील झाडे सावली देतात आणि पक्ष्यांनाही उपयोगी पडतात. नाल्याकाठी अर्जुन, करंज आणि उंबर पाण्यात काही दिवस उभे राहिले तरी तग धरतात. खड्डा शक्यतो एक मीटर लांब, रुंद आणि खोल घ्यावा, तो उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. पहिली दोन-तीन वर्षे फेब्रुवारी ते मे पाणी घालायला माणूस नेमलेला नसेल, तर रोपे लावूच नयेत. अस्तित्वातील झाड तोडण्याचा प्रस्ताव आल्यास 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत घेता येते. 2021 च्या सुधारणेनंतर 50 वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, त्यामुळे पेठेतील जुन्या वड-पिंपळांचा अंदाजे वयासह तक्ता आधीच करून ठेवावा.

नदी आणि नाल्याची कड

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी या भागांत काय होते, हे 2019 आणि 2021 मध्ये शहराने पाहिले. पूररेषांपैकी निळ्या रेषेच्या आतील पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो, पण बाग, मैदान आणि शेती अशा उघड्या वापरासाठी तो चालतो. दाट वस्तीजवळची सर्वांत मोठी सलग जमीन अनेकदा हीच असते. येथे हलवता येणारी खेळणी, दगडी बसण्याच्या पायऱ्या आणि देशी गवत एवढेच ठेवावे. पूर ओसरल्यावर गाळ काढण्याचे काम वार्षिक देखभालीत आधीच धरावे. जयंती नाल्याच्या कडेबाबत मात्र एक सावधगिरी हवी. सांडपाणी वाहत असताना त्याच्या काठावर लहान मुलांची बाग करणे योग्य नाही. तेथे आधी झाडांचा पट्टा आणि कुंपण, आणि पाणी शुद्ध झाल्यानंतर माणसांसाठी वाट, असा क्रम ठेवावा.

नाल्याच्या किंवा नदीच्या कामामुळे एखादी वस्ती हलवली जाणार असेल, तर बाग मागणाऱ्यांनी तो प्रश्न आपला नाही असे म्हणू नये. जिथे राहणाऱ्यांना हटवून बाग होते, तिथे ती बाग कोणासाठी झाली हे विचारावे लागते. फेरीवाल्यांबाबतही तसेच. भेळेच्या आणि कणसांच्या गाड्यांमुळे संध्याकाळी जागा जागती राहते आणि स्त्रियांना तेथे थांबणे सोपे जाते. पथ विक्रेता अधिनियम, 2014 नुसार त्यांना ठरावीक जागा देऊन कचऱ्याची जबाबदारी वाटून घेता येते.

पैसा

पैशाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण वर सांगितलेली बरीचशी कामे स्वस्त आहेत. महापालिकेचे अंदाजपत्रक साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणून मागणी दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, विभागीय कार्यालयात, उद्यान विभागात आणि नगरसेवकांकडे एकाच वेळी द्यावी. मागणीत उभारणीच्या रकमेइतकीच ठळकपणे देखभालीची वार्षिक रक्कम लिहावी: एका माळ्याची मजुरी, पाणी, दिव्यांची दुरुस्ती, शौचालयाची सफाई. आमदार आणि खासदार निधीतून फाटक, दिवे, बाक मिळू शकतात, पण माळ्याचा पगार त्यातून निघत नाही, आणि बाग टिकते ती माळ्यामुळे. मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतील ठरावीक हिस्सा वर्षभराच्या देखभालीसाठी बाजूला काढला, तर निदान पाणी आणि सफाई अडत नाही.

बाग उघडल्यानंतर

काम झाल्यावर सहा महिन्यांनी आणि पुन्हा एका वर्षाने, त्याच वेळांना आणि त्याच तक्त्यावर मोजणी करावी. एकूण गर्दी वाढली, यावर समाधान मानू नये. आधी रिकामे असलेले रकाने भरले का, ते पाहावे: दुपारच्या वेळी स्त्रिया दिसतात का, दहा वर्षांपुढच्या मुली थांबतात का, वसाहतीच्या बाजूच्या फाटकातून किती जण येतात, वृद्ध नुसते चक्कर मारून जातात की बसतात. एखादा रकाना रिकामाच राहिला असेल, तर त्या गटातील चार जणींना त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे, कारण जी बागेत येत नाही तिला बागेत उभे राहून विचारता येत नाही. उत्तरे बहुधा लहानशी असतात: बाक पुरुषांच्या कट्ट्यासमोर आहे, शौचालयाला कडी नाही, सातनंतर वळणावर अंधार असतो. ती पुढच्या नोव्हेंबरच्या मागणीपत्रात पहिल्या ओळीत लिहावीत.